कबरीत उतरण्यापुरती कंबर

“आज घेतली त किती दिवस चालंल?” रशीदभाईंनी विचारलं.

ते उभेच होते. माझ्या टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवून, डावा पाय जरासा उचलून. कंबरदुखीचे जुने पेशंट समोर खुर्ची असली तरी बसत नाहीत. बसलं की उठावं लागतं.

“काय किती दिवस चालेल?”

“सुई. कमरेची.”

मी पेन खाली ठेवला. दोन वर्षं मी या माणसाला ‘इंजेक्शन घ्या’ म्हणून सांगत होतो आणि दोन वर्षं ते ‘पाहू सायब’ म्हणत, गोळ्या लिहून घेऊन राळेगावची एसटी पकडत होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लोक कमरेतल्या सुईला सापापेक्षा जास्त भितात. प्रत्येकाचा कोणी तरी मावसभाऊ असतो, त्यानं सुई घेतलेली असते आणि त्याचे पाय गेलेले असतात. हा मावसभाऊ मला आजवर एकदाही भेटलेला नाही. भेटला तर त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

मी मूळचा भूल देणारा डॉक्टर. ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना झोपवण्यात बरीच वर्षं गेली. मग दुखण्यावरच्या उपचाराचं वेगळं शिक्षण घेतलं आणि यवतमाळात छोटंसं पेन क्लिनिक काढलं. पाटीवर तसंच लिहिलं आहे. लोक मात्र ‘सुईवाला डॉक्टर’ म्हणतात.

रशीदभाई मोटरपंपाचे मेकॅनिक. राळेगावात बस स्टँडजवळ त्यांचं दुकान. विहिरीत उतरायचं, बंद पडलेली मोटर दोरानं बांधायची, ओढून वर काढायची, दुरुस्त करून परत सोडायची. उभी हयात यात गेली आणि कंबरही यातच गेली. त्यांचा एमआरआय मी इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटून सांगितला असता. दोन मणक्यांच्या मध्ये रबरासारखी गादी असते. ती मागे सरकली की पायाकडे जाणारी नस चेंगरते. लोक याला ‘गॅप आला’ म्हणतात. गॅप वगैरे काही येत नाही, उलट होता तो कमी होतो. हे मी रोज समजावतो. पेशंट रोज मान हलवतो आणि बाहेर जाऊन बायकोला सांगतो, ‘गॅप आहे म्हणे.’

चेंगरलेली नस सुजते. मग कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत आग उठते. त्या सुजलेल्या नसेभोवती स्टेरॉइडचं थोडंसं औषध नेमकं नेऊन सोडायचं, एवढंच ते इंजेक्शन. सूज उतरते, नस शांत होते. गादी आहे तिथेच राहते. म्हणून हा उपाय थोडी सवड काढून देतो, आणि त्या सवडीत व्यायाम करून कंबर सावरायची असते. न सावरली तर दुखणं परत येतं.

“सांगता येत नाही,” मी म्हणालो. “कोणाला तीन आठवडे बरं वाटतं, कोणाला सहा महिने. कोणाला काहीच नाही.”

“मले तारीख पायजे, डॉक्टरसाब.”

“कशाची तारीख? घरी लग्नबिग्न आहे का?” असे पेशंट येतात. वरातीत नाचायचं असतं.

रशीदभाई हसले नाहीत. “आपा चालली,” ते म्हणाले. “कबरीत उतरा लागते सायब. मलेच.”

आपा म्हणजे त्यांची मोठी बहीण, हमिदाआपा. मी नाव ऐकून होतो, कारण माझ्या ऑपरेशन थिएटरमधल्या नर्स मंदाताई त्याच भागातल्या. हमिदाआपांचा धंदा बांगड्यांचा. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव, तांड्यातांड्यांवर फिरायच्या. मंदाताईंच्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता. आईबाप लवकर गेले तेव्हा रशीदभाई कडेवर घ्यायच्या वयाचे होते. आपांनी त्यांना कडेवर घेतलं, टोपली डोक्यावर घेतली आणि वाढवलं. पुढे आपांचं लग्न झालं, नवरा दोन-तीन वर्षांत वारला, मूल नाही. त्या भावाकडेच राहिल्या. आता पोटात कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. दोन महिने, फार तर तीन.

रशीदभाईंनी मला पुढचं समजावलं. त्यांच्यात बाईची मय्यत कबरीत उतरवायची ती जवळच्या रक्ताच्या पुरुषानं. बाप, भाऊ, मुलगा, भाचा. आपांना बाप नाही, मुलगा नाही. रशीदभाईंना दोन्ही पोरीच. म्हणजे भाचाही नाही. एक भाऊ आहे, आणि त्याला खाली वाकून पायातली चप्पल उचलता येत नाही.

“तसं अडलं त कोनीबी नेक मानूस उतरू शकते,” ते म्हणाले. “मौलाना म्हनते, मजबुरीले माफी हाय. पन आपानं मले बोलून ठेवलं. म्हने, रशीद, मले परक्या मानसाच्या हाती नोको देजो. मी जबान दिली.”

“मग घेऊन टाका आजच.”

“अन् आपा चार महिने राह्यली त? तवरिक सुई उतरंल. मंग?”

“मग थांबा.”

“अन् उद्याच गेली त?”

पन्नाशी ओलांडलेला माणूस टेबलाला धरून उभा होता आणि बहीण किती दिवस जगेल याचा हिशेब करत होता. हिशेब लागू नये असंही त्याला वाटत होतं. ते तोंडावर दिसत होतं.

“परत परत नाही देत का?”

“नाही देता येत. स्टेरॉइड आहे ते. वर्षाकाठी दोन, फार तर तीन. त्यात तुम्हाला साखरेचा आजार. ही सुई घेतली की साखर चढते.” मी रक्त तपासायला लावलं. साखर इतकी होती की त्या दिवशी मी इंजेक्शनला हातच लावला नसता. “आधी साखर उतरवा. मग ठरवू.”

त्यांना बरंच वाटलं बहुतेक. ठरवायचं पुढे गेलं. आपांच्या दुखण्यासाठी मी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या कशा द्यायच्या ते सांगितलं. ते भिंतीला हात लावत लावत बाहेर गेले.

नंतर काही आठवडे रशीदभाई आले नाहीत. गोळ्या न्यायला जावई यायचा. मी सासऱ्यांचं विचारलं की म्हणायचा, “मामू पाहून राह्यले.” काय पाहून राह्यले ते मला माहीत होतं.

मग एका दुपारी दवाखान्याच्या फोनवर एक बारीक आवाज आला. “डॉक्टर का? मी रशीदची आपा बोलून राह्यली.”

“बोला आपा. गोळ्यांनी दुखणं थांबतं का?”

“गोळ्याचं ठीक हाय. तुम्ही माह्या भावाले सुई काहून नाई देऊन राह्यले?”

“मी देतोच म्हणतो. तेच येत नाहीत. त्यांची साखरही उतरायला हवी.”

“साखर उतरली. घरात गोड बंद केलं मी. सगळे फिक्की चाय पिऊन राह्यले त्याच्यापायी.” त्या दम खायला थांबल्या. “तो माह्या मराची वाट पाहून राह्यला, डॉक्टर. अन् मी त काही मरून नाई राह्यली.”

त्या हसल्या. हसता हसता खोकला लागला. मी फोन धरून बसलो.

“मी मरंन तवा मरंन,” खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या. “हा अख्खी रात भिताडाले पाठ लावून उभा राह्यते. मले दिसते ना. मी पडल्या पडल्या पाहत राहू का मंग? तुम्ही बलवा त्याले. सांगा, आता नाई घेतली त मंग भेटत नाई म्हून.”

“खोटं सांगू?”

“बांगड्या इकतानी मी लय खोटं बोलली. कोनाचं काही वाईट झालं नाई.”

मी खोटं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फोन करून जरा चढ्या आवाजात बोललो. डॉक्टरचा चढा आवाज आणि मोठ्या बहिणीचा हुकूम, दोन्ही एकाच दिवशी आले तर माणूस किती टिकणार? रशीदभाई आले. साखर खरंच उतरली होती.

या इंजेक्शनचं सगळं काम एक्स-रेवर चालतं. ‘सी-आर्म’ नावाचं इंग्रजी सी अक्षरासारखं वाकडं मशीन असतं, ते पेशंटच्या पाठीवर आणि पोटाखाली येतं. त्यात मणके पडद्यावर चालू सिनेमासारखे दिसतात. पेशंट पालथा. त्याची शुद्ध घालवायची नाही, कारण सुई नसेला लागली तर त्यानं सांगायला हवं. आधी कातडी बधिर करायची, मग लांब बारीक सुई दोन मणक्यांच्या बाजूच्या भोकाकडे हळूहळू न्यायची. तिथूनच ती नस बाहेर पडते. मग थोडा डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा रंग, सोडायचा. पडद्यावर नसेच्या कडेनं काळी रेघ उमटली की जागा बरोबर.

“आपांनी पाठवलं का हो?” मंदाताईंनी त्यांच्या डोक्याशी उभं राहून विचारलं.

“हाकललं,” रशीदभाई उशीत तोंड खुपसून म्हणाले.

औषध सोडलं तेव्हा ते कण्हले. “हेच. हेच दुखते सायब. पार अंगठ्यापावतर गेलं.”

“तेच शोधत होतो. नस सापडली तुमची.”

काम झाल्यावर मी त्यांना दोन्ही पाय हलवायला सांगितलं. हलले. “आता तुमच्या त्या मावसभावाला सांगा,” मी म्हणालो. ते पहिल्यांदाच हसले.

तीन-चार दिवसांनी फोन आला. रात्री झोपलो, म्हणाले. आडवं पडून झोपलो. त्यांच्या आवाजात एवढं नवल होतं की मलाही बरं वाटलं. या धंद्यात असे फोन क्वचित येतात. बरं वाटलेला पेशंट फोन करत नाही, न वाटलेला रोज करतो.

मी त्यांना बजावलं होतं, सहा आठवडे वजन उचलायचं नाही. मोटर तर नाहीच, पाण्याची बादलीसुद्धा नाही. वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं. व्यायाम रोज. तपासणीला आले तेव्हा खुर्चीवर बसले. मी विचारलं, दुखणं दहापैकी किती? आधी आठ सांगायचे, आता म्हणाले, “दोन. नाई, दीड.” मी खूश झालो. ही कंबर दोन-तीन महिने आरामात जाते, असं मनात म्हणालो. आपांच्या आजाराचा मला अंदाज होता. म्हणजे हिशेब बसत होता. मीही तोच हिशेब करायला लागलो होतो, हे आता लिहिताना लक्षात येतं.

दिवाळी झाली. मंदाताई माहेरी जाऊन आल्या. येताना वाट वाकडी करून आपांना भेटून आल्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनचा ट्रे लावता लावता सहज म्हणाल्या, “सर, आपा चांगल्या दिसून राह्यल्या. अंगणात बसल्या होत्या. रशीदभाई उचलून आणते त्यायले रोज.”

“काय करतात?”

“उचलून आणते. सकाळी अंगणात, ऊन झालं की घरात, संध्याकाळी परत. कापूस वेचाले जानाऱ्या बाया थांबते ना तिथं. हात दाखवते आपाले. कोनाच्या हातात बांगडी कमी दिसली की आपा रागावते.” मंदाताईंचे डोळे भरून आले होते. “मलेबी रागावली.”

मला राग आला. खरंच आला. मी ग्लोव्ह्ज काढून टाकले आणि फोन लावला.

“रशीदभाई, मी काय सांगितलं होतं? बादलीसुद्धा नाही म्हणून?”

“बादली नाई उचलली सायब.”

“आपांना उचलता.”

“आपाचं काही वजन नाई राह्यलं.”

“वजनाचा प्रश्न नाही. खाटेवर वाकून, हात पुढे करून तुम्ही माणूस उचलता. सगळा जोर त्या गादीवर येतो. ती परत सरकली तर? ही सुई तुम्ही कशासाठी घेतली होती, आठवतं ना?”

“हाव. कबरीसाठी घेतली.” ते सावकाश बोलत होते, मला राग येऊ नये अशा बेतानं. “मंग एका सकाळी पाह्यलं, आपा खाटेवरून खिडकीकडे पाहून राह्यली. बाया चालल्या होत्या रस्त्यानं. माह्या मनात आलं, मेल्यावर त उचलाचीच हाय. जिती हाय तवा काहून नाई?”

हे मेडिकल कॉलेजात शिकवलेलं नव्हतं आणि नंतरही कुठे वाचण्यात आलं नव्हतं. मी म्हणालो, खाट धरून दोघांनी बाहेर न्या. चाकाची खुर्ची घ्या. ते “हाव सायब, हाव सायब” म्हणाले. खुर्ची आणली, असं पुढे कळलं. आपा तिच्यात एकदा बसल्या. हाडं टोचतात म्हणाल्या. मग रशीदभाई परत उचलून नेऊ लागले. बायको आंघोळ घालायची, हे बाहेर न्यायचे.

आपा काही नागपूरच्या डॉक्टरांचं ऐकेनात. तीन महिने झाले, चार होत आले. आणि थंडी पडली तशी रशीदभाईंची कंबर परत बोलू लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. पाय परत भाजू लागला. मी दुसरं इंजेक्शन दिलं. तीच खोली, तेच मशीन, काळी रेघही तशीच सुंदर उमटली. आराम पडला तो जेमतेम आठवडाभर. नवा एमआरआय काढला. गादी आणखी मागे आली होती.

त्यानंतर ते आले ते जावयाच्या खांद्यावर हात टाकून, एका बाजूला वाकून. आत आले तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती.

“चप्पल कुठे राहिली?”

त्यांनी खाली पाहिलं. दाराबाहेर निसटून पडली होती. त्यांना कळलं नव्हतं.

हे लक्षण मला आवडत नाही. मी त्यांना टेबलावर झोपवलं आणि पायाचा पंजा वर ओढायला सांगितलं. उजवा आला, डावा अर्धाच आला. नस आता नुसती सुजलेली नव्हती, ताकद सोडू लागली होती. अशा वेळी सुईचं काम संपतं. ऑपरेशन करून नसेवरचा दाब काढावा लागतो, आणि तेही लवकर.

“तिसरी सुई द्या,” ते म्हणाले.

“नाही देणार.”

“तुम्हीच म्हनले होते, तीन देता येते.”

“उपयोग असेल तर. आता नाही. साखर पहा तुमची. सुई दिली तर साखर चढेल आणि पाय तसाच राहील. नागपूरला जा, मी सर्जनना फोन करतो. चार-पाच दिवसांत घरी याल.”

“अन् त्या चार-पाच दिवसात आपा गेली त?”

“रशीदभाई, पाय कायमचा लुळा पडेल.”

“नंतर जाईन सायब.”

मी पुष्कळ सांगितलं. चढ्या आवाजात, खालच्या आवाजात. जावयालाही सांगितलं. जावई बिचारा मान खाली घालून उभा. आपांना फोन लावून द्या म्हणालो, त्यांचं तरी हे ऐकतील. जावई म्हणाला, आपा आता बोलत नाहीत. दोन दिवसांपासून नुसत्या पडून असतात. तेव्हा मी आग्रह सोडला. पायाला बांधायचा पट्टा दिला आणि जाऊ दिलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. सकाळीच मंदाताईंना फोन आला. मी दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि आम्ही दोघं राळेगावला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी कापून पडल्या होत्या. मंदाताई गाडीत रडत होत्या आणि मधूनच हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होत्या.

त्या बायांमध्ये घरी थांबल्या. मी माणसांबरोबर कब्रस्तानात गेलो. गर्दी होती. टोप्या घातलेले होते, तसे रुमाल बांधलेलेही खूप होते. तांड्यांवरून माणसं आली होती. आपांनी ज्यांच्या आयांना बांगड्या भरल्या, बायकांना भरल्या, लेकींना भरल्या, ती सगळी माणसं.

रशीदभाई कबरीच्या कडेला काठी घेऊन उभे होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. मय्यत खाली ठेवली तशी चार जणांनी कबरीवर चादर धरली. बाईला उतरवताना आडोसा लागतो. रशीदभाईंनी काठी जावयाकडे दिली आणि कडेवर बसायला गेले.

मी डॉक्टर म्हणून पाहत होतो. नको होतं तसं पाहायला, पण सवय जात नाही. त्यांनी उजवा पाय आत सोडला. डाव्या हातानं डावा पाय उचलून आत ठेवायला गेले आणि तिथेच अडकले. तोंडातून आवाज निघाला नाही, पण चेहरा पांढरा पडला. कंबर धरली होती. धरली म्हणजे स्नायूंनी सगळं घट्ट आवळून टाकलं होतं, आणखी इजा होऊ नये म्हणून. शरीर असं करतं. त्याला वेळकाळ कळत नाही.

दोघांनी त्यांना बगलेत धरलं. त्यांनी झटकलं, परत प्रयत्न केला. परत तेच झालं.

मशिदीतले एक म्हातारे हाजीसाब पुढे आले. “रशीद,” ते म्हणाले, “बस कर बेटा. दीनमध्ये, आपल्या धरमात, सक्ती नाई. अल्लाले मालूम हाय.”

“मी जबान दिली,” रशीदभाई म्हणाले.

“मालूम हाय. उठ.”

त्यांना उचलून उभं केलं. हाजीसाब स्वतः आणि मोहल्ल्यातले आणखी एक वयस्क गृहस्थ खाली उतरले. रशीदभाईंनी चादरीचं एक टोक मागून घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. चादरीच्या आड काय चाललं आहे ते कोणाला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं. ते एकदाही रडले नाहीत. “हळू,” एवढंच म्हणाले. “हळू हाजीसाब. मान दुखते तिची.”

मला रडू आलं. आवरलं नाही आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही.

वर फळ्या टाकल्या. मग माती. त्यांच्यात प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. आधी घरच्यानं द्यायची, म्हणून सगळे थांबले. रशीदभाई ढिगाऱ्यासमोर उभे होते आणि माती खाली होती. त्यांनी काठीवर भार दिला, हात खाली नेला. गुडघ्याच्या खाली हात जाईना. माणसं पाहत होती. कोणी पुढे व्हावं ते कळत नव्हतं.

मी त्यांच्या शेजारीच होतो. मी वाकलो, मूठभर माती उचलली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती टाकली, काही तरी पुटपुटले. मी परत वाकलो. तीनही मुठी तशाच दिल्या. मग जावयानं त्यांना बाजूला नेलं आणि मी माझी माती दिली.

रशीदभाई आपांचा चाळिसावा दिवस होऊ द्या म्हणत होते. जावयानं आणि मी मिळून त्याआधीच नागपूरला नेलं. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं. पाय पूर्ण आला नाही. चालताना पंजा थोडा घासतो. विहिरीत उतरणं बंद झालं, आता दुकानातच बसून मोटरी दुरुस्त करतात.

तपासणीला आले तेव्हा मी सवयीनं विचारलं, दुखणं दहापैकी किती?

“नाई दुखत,” ते म्हणाले. मग बराच वेळ बसून राहिले. आता त्यांना बसता येतं. “लोक म्हनते सायब, तू आपाले जितेपनी आंगनात नेलं, सब झालं. मीबी तेच म्हनतो लोकायले. खरंच हाय ते. पन सकाळी उठलो का वाटते, उतराले पायजे होतं.”

मंदाताई बाहेर निघून गेल्या. मी व्यायामाचा कागद पुढे सरकवला, कारण माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं.

इंजेक्शननंतर पेशंट विचारतात, आता कंबर जपू की वापरू? आधी मी ‘जपा’ म्हणायचो. आता सांगतो, जपलीत तर जास्त दिवस टिकेल, वापरलीत तर लवकर संपेल, आणि कोणत्या दिवशी ती लागणार आहे हे मला सांगता येत नाही. हे ऐकून पेशंट नाराज होतात. पैसे देऊन हेच ऐकायला आलो का, असा चेहरा करतात. पण यापेक्षा जास्त मला खरोखरच माहीत नाही.